जंगलातली खिंड: चाकांनी किती, पायांनी किती

प्रश्न थोडक्यात असा: सायकलवर दिवसाला ६०-७० किलोमीटर सहज होतात, डोंगरात चालायचीही सवय आहे. आता जंगलातून जाणाऱ्या खिंडी हिंडायच्या आहेत. काहींवरून गाडीरस्ता जातो, काहींना नुसती पायवाट आहे. सायकल न्यावी की चालत जावं, दोन्ही एका दिवसात जमतं का, आणि काळजी कशाची घ्यायची?

मी वीसेक वर्षं हेच करत आलोय, त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो. सुरुवात गाडीरस्ता असलेल्या खिंडीपासून करा, पण रस्ता चढून उतरलात म्हणजे खिंड झाली असं समजू नका. बहुतेक घाटरस्त्यांच्या आसपास त्याच खिंडीकडे चढणारी एखादी जुनी वाट असते. रस्ता सायकलने करा, ती वाट पायांनी करा. एकाच खिंडीच्या दोन्ही वाटा केल्या की डोंगराची ठेवण जेवढी कळते, तेवढी दहा वेगवेगळ्या खिंडींच्या माथ्यावर जाऊन फोटो काढले तरी कळत नाही.

रस्ता एकीकडून आणि वाट दुसरीकडून का जाते, तर चढामुळे. माणूस आणि ओझ्याचं जनावर २०-२५ टक्क्यांचा चढ चढून जातं, म्हणजे १०० मीटर पुढं सरकताना २०-२५ मीटर वर. म्हणून जुनी वाट एखादी सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, धरून किंवा नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, शिरून सरळ माथा गाठते. मोटारीच्या रस्त्याला साधारण ५ ते ८ टक्के बरे पडतात, त्यामुळे तो कडेकडेने फिरत, वळणं घेत, लांबत लांबत वर येतो. रेल्वेला तर तेवढंही झेपत नाही. सह्याद्रीतल्या बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे जेमतेम २.७ टक्के.

हे सगळे थर एकाच जंगलात पाहायचे असतील तर जपानमधल्या उसुई खिंडीसारखं उदाहरण नाही. एदो (आजचं टोकियो) आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेन्दो नावाचा जुना मार्ग इथून जायचा. तो सोंडेवरून झाडीतून चढतो. त्यानंतरचा गाडीरस्ता दरीच्या अंगाने जातो आणि त्याला १८४ वळणं मोजलेली आहेत. १८९३ मध्ये इथं रेल्वे आली. योकोकावा हे खालचं स्टेशन ३८७ मीटरवर, कारुइझावा हे वरचं ९३९ मीटरवर, आणि मधलं अंतर फक्त ११.२ किलोमीटर. चढ इतका, की रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाला तिच्यात दात अडकवत चढावं लागे. तो चढ होता हजाराला ६६.७, म्हणजे ६.७ टक्के. सायकलवाल्याला हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण साध्या घाटरस्त्याचा चढ एवढाच असतो. ती रेल्वे १९९७ मध्ये बंद झाली. आता योकोकावापासून सुमारे ६ किलोमीटर जुन्या रुळांच्या जागेवरून, बोगद्यांतून आणि ३१ मीटर उंचीच्या विटांच्या कमानी पुलावरून चालत जाता येतं. जुनी वाट, वळणांचा रस्ता आणि रेल्वेचा माग, तिन्ही एकाच उतारावर. आणि गंमत म्हणजे कारुइझावाची बाजू जवळपास सपाट आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पठार, ही रचना सह्याद्रीतल्या घाटवाटा केलेल्या माणसाला सांगावी लागत नाही.

आता वेळेचा हिशोब, कारण सायकल की पाय हा निर्णय इथंच होतो. ६०० मीटरची चढाई धरा. रस्ता सरासरी ६ टक्क्यांचा असेल तर तो १० किलोमीटर लांब. वाट सरासरी २० टक्क्यांची असेल तर ३ किलोमीटर. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याचा एक अंदाज मांडला, तो आजही कामाला येतो: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. म्हणजे आपली वाट ३६ मिनिटं अधिक एक तास, एकूण १ तास ३६ मिनिटं. जंगलात मुळं, घसारा, वाट शोधणं यांसाठी मी त्यात पाव भाग वाढवतो आणि दोन तास धरतो. सायकलवर चढात ताशी ८ किलोमीटर पडले तर तीच खिंड सव्वा तासात. फरक पाऊण तासाचा, आणि सामान लादलेली सायकल असेल तर तेवढाही नाही. उतरताना मात्र चित्र पालटतं. सायकलला अर्धा तास, पायांना सव्वा-दीड तास, आणि गुडघ्यांचा हिशोब वेगळा.

यातून मला एक पद्धत सापडली आणि गेली कित्येक वर्षं मी तीच वापरतो. दोघंजण, एक सायकल. एक जण सायकलने रस्त्यावरून चढतो, दुसरा वाटेने पायी निघतो. चालणारा अर्धा-पाऊण तास आधी निघाला की दोघं माथ्यावर जवळपास एकाच वेळी पोचतात. तिथं खाणं, विश्रांती, आणि मग अदलाबदल. चालत आलेला सायकलवरून उतरतो, सायकलवाला वाटेने खाली येतो. दिवसाअखेर दोघांनीही रस्ता आणि वाट दोन्ही पाहिलेल्या असतात. अट एकच: निघण्याआधी भेटीची वेळ आणि ती चुकली तर काय करायचं हे ठरवलेलं हवं. "ठरलेल्या वेळेनंतर एक तास वाट पाहायची, मग सायकलवाल्याने रस्त्याने खाली यायचं, चालणाऱ्याने आला त्याच वाटेने परत फिरायचं" इतकं स्पष्ट. फोन लागेल या भरवशावर जाऊ नका. जंगलाच्या नाळेत तो लागत नाही.

एकटे असाल तर सायकल कुठं ठेवायची हा खरा प्रश्न. बहुतेकांना सुचतं ते असं: सायकल माथ्यापर्यंत न्यायची, तिथं कुलूप लावायचं आणि जुन्या वाटेने खाली फेरफटका मारून यायचं. यात एक खोच आहे. नेहमीच्या डोंगरात चढ आधी आणि उतार नंतर असतो, दमल्यावर शरीर आपोआप घराकडे ओढतं. इथं उलटं होतं. सायकलने दमून माथा गाठायचा, ताजेपणाच्या भ्रमात वाटेने उतरत जायचं, आणि सगळ्यात अवघड चढ दिवसाच्या शेवटी, उन्हात किंवा अंधार पडताना. मी स्वतःला घातलेला नियम असा, की माथ्यावरून खाली उतरायचं ते २०० मीटरपेक्षा जास्त उंची गमवायची नाही. घड्याळात उंची दिसत असेल तर तिथं खूण करून ठेवा. पूर्ण वाट करायची असेल तर सायकल पायथ्याला ठेवा आणि खालून चढा.

पायवाटेवर सायकल वाहून न्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो, म्हणून तेही सांगतो. खिंडीच्या दोन्ही अंगांना चालवण्याजोगा कच्चा रस्ता असेल आणि मधला अवघड तुकडा वीस-तीस मिनिटांचा असेल, तर न्या, मजा येते. तासाभरापेक्षा जास्त उचलावं लागणार असेल तर सायकल घरी ठेवा. ढकलताना वेग चालण्याच्या निम्म्यावर येतो. आडव्या वाटेवर सायकल दरीच्या बाजूला आणि आपण डोंगराच्या बाजूला; पाय घसरला तर सायकल सोडून द्यायची, तिला धरून ठेवायचं नाही. खांद्यावर घेताना तिच्या डाव्या बाजूला उभं राहून उजव्या खांद्यावर घ्या, म्हणजे चेन आणि दातेरी चकत्या अंगापासून बाहेर राहतात. आणि त्या दिवशी क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे, कडक बूट नकोत. ओल्या दगडावर ते काचेवर चालल्यासारखे सरकतात. जपानमधल्याच हाकोने खिंडीत, तोकाइदो या एदो-क्योतोच्या किनाऱ्याकडच्या जुन्या मार्गावर, १६८० मध्ये घातलेली दगडी फरसबंदी अजून आहे, देवदारासारख्या उंच सुगी झाडांच्या सावलीत. पावसात वाटेचा चिखल होऊ नये म्हणून ती केली. पण शेवाळ धरलेला गुळगुळीत दगड आणि कडक तळव्याचा बूट ही जोडी कुठल्याही देशात माणसाला पाडते.

नकाशावर खिंड ओळखायला शिका. समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, ती डमरूसारखी दिसते: दोन बाजूंना दोन शिखरांची वर्तुळं, आणि उरलेल्या दोन बाजूंनी दऱ्यांच्या रेषा आत घुसलेल्या. रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतील तर १५ मीटरचा कडा नकाशावर दिसतच नाही, हे कायम लक्षात ठेवा. उपग्रहाचं चित्रही जंगलात फसवं असतं, कारण झाडांच्या छताखालची वाट वरून दिसत नाही. पानगळीचं जंगल असेल तर पानं झडलेल्या काळातलं जुनं चित्र शोधून पाहा; हिरव्या चित्रात न दिसलेली वाट तिथं बारीक दोऱ्यासारखी उमटते. दाट झाडीत आणि अरुंद नाळेत जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे उडतो, तेव्हा ठिपक्यापेक्षा "ओढा माझ्या डाव्या हाताला आहे आणि मी सोंडेच्या धारेवर आहे" अशा खात्रीच्या खुणा धरून चालणं बरं.

वाट चुकते कुठं, याबद्दल माझा अनुभव ठाम आहे: माथ्यावर. चढताना सगळ्या वाटा एकत्र येतात, कुठलीही धरली तरी शेवटी खिंडीत पोचतो. उतरताना त्याच वाटा फुटतात. खिंडीचा माथा बऱ्याचदा रुंद, सपाट आणि झाडीने भरलेला असतो, त्यात ढग उतरला की चारही दिशा सारख्या दिसतात. म्हणून माथ्यावर पोचल्या पोचल्या मागे वळून, आलेल्या वाटेच्या तोंडाचा फोटो घ्या, आणि पुढच्या वाटेची दिशा होकायंत्रावर आधीच बघून ठेवा.

एकदा अशाच ढगात मी एक छान मळलेली वाट धरून उतरायला लागलो. पायाखाली माती दाबलेली, वाट ठळक, उतार बेताचा. दहा-पंधरा मिनिटांनी जाणवलं की मी सारखा वाकतोय. कमरेच्या उंचीला फांद्या आडव्या आल्या होत्या, सॅक अडकत होती, आणि तरी खाली वाट स्वच्छ होती. थांबून नीट पाहिलं तर चिखलात फक्त खुरांचे ठसे. माणसांच्या वाटेवर फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळ्या असतात, आणि जुन्या वापरातल्या वाटेवर कोयत्याने तिरपं छाटलेलं एखादं खोड दिसतंच. ही ढोरवाट होती, पाण्यावर जाणारी. परत माथ्यावर चढलो आणि पन्नास पावलांवर खरी वाट सापडली: दोन्ही बाजूंनी खोल गेलेली, एका वळणाला दगडांचा बांध घातलेली. तेव्हापासून मी वाटेकडे पायाखाली जितका बघतो तितकाच कमरेच्या रेषेत बघतो. आणि वाट हरवली तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जायचं. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायचं नाही. डोंगरातला ओढा पुढं कुठंतरी धबधबा होऊन कोसळतो.

सायकलवरून जंगलात उतरणं उघड्या घाटापेक्षा बरंच वेगळं आहे. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक अपघात इथंच होतात.

पहिली गोष्ट उजेड. भगभगीत उन्हातून गर्द सावलीत शिरलात की डोळ्यांना सरावायला काही क्षण लागतात. ताशी ३० किलोमीटरने उतरताना एका सेकंदात ८ मीटर मागे पडतात. म्हणजे खड्डा, मूळ, पडलेली फांदी दिसायच्या आधीच तुम्ही तिच्यावर असता. काळा चष्मा सावलीच्या आधी नाकावर खाली घ्या. उजेडाप्रमाणे रंग बदलणाऱ्या काचा इथं उपयोगी नाहीत, त्या फिक्या व्हायला मिनिटं लागतात. आणि मागून येणाऱ्या मोटारवाल्याचे डोळेही तसेच दिपलेले असतात, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

दुसरी गोष्ट ओल. ढग झाडीतून सरकतो तेव्हा पानांवर पाणी धरतं आणि टपटप खाली पडत राहतं. पाऊस नसतो, मोकळ्या जागेतला रस्ता कोरडा असतो, आणि झाडाखालचा तुकडा चिंब. त्यावर कुजलेली पानं किंवा सूचिपर्णी झाडांच्या सुयांचा थर असेल तर टायर आणि डांबर यांचा संबंधच तुटतो. अशा तुकड्यावर वळताना ब्रेक दाबायचा नाही, पुढचा तर नाहीच. वेग जो कमी करायचा तो तुकडा येण्याआधी, सायकल सरळ असताना. सावलीतल्या वळणाची आतली कड दुपारपर्यंत ओली राहते, आणि सिमेंटच्या रस्त्यावर तिथंच शेवाळ धरतं.

माथ्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या ऋतूंत असू शकतात, हेही नवख्याला धक्का देतं. दमट वारा ज्या अंगाने चढतो तिथं तो थंड होतो, ढग बनतो, पाऊस पडतो; पलीकडे तोच वारा उतरताना तापतो आणि कोरडा होतो. त्यामुळे एका बाजूला नेचे, शेवाळ आणि वेली, आणि माथा ओलांडून शे-दोनशे मीटर गेलात की पायाखाली कोरडी पानं वाजायला लागतात. कोरड्या बाजूने चढलात म्हणजे ओल्या बाजूचा अंदाज शून्य. माथ्यावरून निघताना पहिल्या सरळ तुकड्यात दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघा.

तिसरी गोष्ट ब्रेकची उष्णता. सुरुवातीची काही वर्षं माझ्या सायकलला रिमवर घासणारे ब्रेक होते. एका लांब उतारावर, वळणामागून वळण, मी ब्रेक हलकासा दाबूनच ठेवला होता, सावध म्हणून. रबर करपल्याचा वास आला, तो मी समोरच्या मोटारीचा समजलो. पुढच्या वळणाच्या तोंडाशी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि मागचं चाक बसलं. नशिबाने मागचंच. रिमला बोट लावलं तर चटका बसला. ट्यूब तापून फुटली होती. घरी येऊन हिशोब केला: माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो, उतरलेली उंची ६०० मीटर, म्हणजे जवळजवळ ५०० किलोज्यूल ऊर्जा. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत जातं. वेगाने उतरलात तर यातली बरीच हवा खाऊन टाकते. हळू उतरलात तर जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाते. सावधपणे हळूहळू, सतत ब्रेक धरून उतरणाराच ब्रेक सगळ्यात जास्त तापवतो. म्हणून सरळ तुकड्यावर ब्रेक जोरात दाबा, वेग पाडा, सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा दाबा. डिस्क ब्रेक असले तरी हेच. वास आला किंवा लिव्हर मऊ लागला तर थांबा, दहा मिनिटं जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

बोलिव्हियातला युंगासचा जुना रस्ता सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. लोक सुमारे ४,६५० मीटरवरच्या ला कुंब्रे खिंडीतून निघतात आणि सुमारे १,२०० मीटरवर, ओल्या ढगाळ जंगलात उतरतात. उंची १,००० मीटरने कमी झाली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गरम होते, त्या हिशोबाने एका उतारात २२ अंशांचा फरक. आपल्या ६०० मीटरच्या खिंडीत तो चारच अंशांचा, पण घामाने भिजलेला सदरा घालून वाऱ्यात उतरलात तर तेवढ्यानेही बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. माथ्यावर कोरडी बनियन घाला, ओली काढून टाका, वर वारा अडवणारं पातळ जाकीट. चढताना हे सगळं ओझं वाटतं, उतरताना नाही.

चढासाठी गिअर हलके असू द्या. पुढची चकती ३० दातांची, मागची सगळ्यात मोठी ४२ ची असेल तर मिनिटाला ६० पॅडल मारून ताशी साडेपाच किलोमीटर वेग राहतो, म्हणजे १० टक्क्यांच्या चढातही बसून राहता येतं. ३४ आणि ३४ असेल तर तेवढ्याच पॅडलला साडेसात किलोमीटर पडतात आणि लांब चढात मांड्या भरून येतात. टायर ४० मिलिमीटरच्या आसपास. बाकी पंपापासून चेनच्या जोडकडीपर्यंत तुम्ही नेहमी नेता तेच, वर ब्रेक पॅडची एक जादा जोडी, शिट्टी आणि डोक्याला लावायचा दिवा.

दिव्याचं कारण: जंगलात संध्याकाळ लवकर होते. पूर्वेकडच्या उतारावर सूर्य दुपारनंतरच डोंगराआड जातो, आणि झाडांच्या छताखाली सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच वाट दिसेनाशी होते. म्हणून मी परत फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरवतो आणि सोबत्याला सांगून ठेवतो. ती वेळ झाली की माथा शंभर मीटरवर असला तरी वळायचं. हे पाळणं सगळ्यात जड जातं, विशेषतः वर झाडांमधून आकाशाची फट दिसत असताना. मी दोन खिंडी अशा अर्ध्यावरून सोडल्यात आणि दोन्ही नंतर कोरड्या, मोकळ्या दिवशी केल्या.

जनावरांबद्दल एवढंच: सायकल शांत असते आणि वेगात येते. चालणाऱ्या माणसाची चाहूल जनावराला लांबून लागते, सायकलची लागत नाही. आंधळ्या वळणांवर घंटी वाजवा, पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग कमी ठेवा, आणि समोर मोठं जनावर आलं तर थांबून सायकल मध्ये आडवी धरा आणि त्याला जायला वाट द्या. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्याखाली धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

वाटेला जपायचं हे मात्र मी दर वेळी सांगतो. ओल्या मातीवर मागचं चाक घसटत उतरलात की एक चर पडतो, पुढच्या पावसात त्यातून पाणी वाहतं, आणि शेकडो वर्षं पायांनी टिकवलेली वाट दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ होते. ओली वाट चालण्यासाठी सोडा, सायकल रस्त्यावर ठेवा. नियमही पाहून घ्या, ते देशागणिक उलटे असतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलवाल्याला डोंगरवाटा बऱ्यापैकी खुल्या आहेत. शेजारच्या इंग्लंडमध्ये घोडेवाटांवर सायकलला १९६८ पासून परवानगी आहे, पण पायवाटांवर तसा हक्क नाही. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, जिथं ब्लॅक फॉरेस्ट आहे, दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवता येत नाही. अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या रानांत सायकल पूर्ण बंद. भारतात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते, आणि हद्द कुठं सुरू होते हे वाटेवर लिहिलेलं असेलच असं नाही. आधी विचारून जा. जिथं सायकल बंद तिथं पाय आहेतच, म्हणूनही दोन्हींची सवय हवी.

पहिल्या फेरीसाठी ४०० ते ६०० मीटर चढाईची, रस्ता आणि वाट दोन्ही नकाशावर ठळक असलेली खिंड निवडा. पाऊस थांबून आठवडा तरी झालेला असू द्या. उजाडताना निघा, दोघंही दुपारी १२ च्या आत माथ्यावर हवेत. सोबती तुमच्याच उंचीच्या आसपासचा मिळाला तर सायकलची अदलाबदल सोपी जाते. नसेल तर सीटच्या दांड्यावर टेपचे दोन पट्टे घरीच लावून ठेवा, एक तुमच्या उंचीचा, एक त्याच्या. बूट मात्र दोघांचेही चालायचे आणि पॅडल सपाट, म्हणजे माथ्यावर फक्त सीट खालीवर करायची आणि किल्ली त्याच्या हातात द्यायची.